बँजो पार्टीची ओम्नी

मुरबाड
२४ सप्टेंबर २०२५

मामा,

पाया पडते आणि लगेच भांडते. गणपतीत या म्हणून लिहिलं, तर तुमचं उत्तर एका ओळीचं. "भात पोटरीला आलंय, जमायचं नाय." भाताला काय तुम्ही मांडीवर घेऊन बसता? खरं कारण मला ठाऊक आहे. कान गेल्यापासून चार माणसांत यायला तुम्हाला नको वाटतं. बरं, राहा शेणव्याला. फोन तुम्हाला ऐकू येत नाही आणि मेसेज बघायचा म्हटलं की तुमचा चष्मा हरवतो. म्हणून हे पत्र शहापूर गाडीच्या कंडक्टरकडे देते, तो तुमच्या नाक्यावरच्या चहावाल्याकडे टाकेल. उत्तर मात्र मोठं पाहिजे, कारण काम मोठं आलंय.

गाडी आलीय, मामा! चारचाकी! इथल्या प्रज्वलची बँजो पार्टी आहे, हळदीला वाजवतात. त्याची ओम्नी नव्याण्णव सालची. ढोल, कॅसिओ, भोंगे सगळं तिच्यातच जातं. तिचा कार्बोरेटर पार गेलाय. बॉडीला चीर आहे, पेट्रोल गळतं, आतली दांडी खिळखिळी झालीय. नवीन कल्याणहून मागवलाय, परवापर्यंत येईल.

आता खरी गोष्ट सांगते. सासऱ्यांच्या ज्या गाळ्यात मी बसते, तोच गाळा शेखर भावजींना मोबाइलच्या दुकानाला हवाय. त्यांचं म्हणणं, बायकांच्या चार स्कूट्या पुसणं म्हणजे गॅरेज नव्हे. घरात ठरलंय, दिवाळीनंतर काय तो निकाल. विनोद माझा नवरा असून "बघू, बघू" करतो. सासूबाई तर त्या विषयावर तोंडच उघडत नाहीत. फक्त माझ्या काळ्या नखांकडे बघतात आणि भाकरी थापायला पुढे होतात. ही ओम्नी दिवाळीच्या आत माझ्या हातून सुरू झाली तर गाळा माझा. नाहीतर मी सिमकार्डं विकत बसेन.

कार्बोरेटर बदलायचं सगळं नीट लिहून पाठवा. तुमच्या गॅरेजला मी बघितलंय खूप, पण तेव्हा हात तुमचे होते.

तुमची
दामिनी


शेणवा
२८ सप्टेंबर

दामे,

तुझं पत्र चहावाल्याने सगळ्यांसमोर दिलं. आता आख्ख्या नाक्याला माहीत झालंय की मला भाची शिव्या घालते.

आमचं बरं चाललंय. माझ्या कानाचं सोड. गाडीचं ऐक.

जुना काढायच्या आधी प्रत्येक पाइपाला आणि प्रत्येक नळीला वेगळ्या रंगाचा दोरा बांध, आणि जिथनं काढलीस तिथं पण तोच दोरा. डोक्यात राहील म्हणू नको, राहत नाय. बॅटरीची वायर आधी काढ. पेट्रोलचा पाइप काढून त्याच्यात पेन्सिल कोंब. जुना उचलला की खाली इंजिनाचं तोंड उघडं पडतं, त्याच्यात लगेच स्वच्छ फडका घाल. मग जुनं पॅकिंग ब्लेडने खरवड, नखाएवढं पण ठेवू नको. वर नवं पॅकिंग कोरडंच बसव. आमच्याकडं एक जण त्याला ग्रीस लावायचा, त्याला मी हाकलला होता. नट एका दमात आवळू नको. समोरासमोरचे थोडे थोडे आवळ, नायतर बूड वाकडं होतं आणि हवा शिरते. कार्बोरेटरच्या अंगाला एक वायरवाला छोटा वॉल्व्ह असतो, त्याची वायर विसरलीस तर दिवसभर डोकं आपटत बसशील.

आणि घाई करू नको. नवरात्रात कोण कुणाच्या हळदीला वाजवत नाय. खंडेनवमीला नट खोलायचे पाने पूज, दसरा होऊ दे, मग हात घाल. मी आयुष्यात पाने न पुजता मोठं काम धरलं नाय.

विनोदला सांग, "बघू बघू" करणाऱ्याला शेवटी दुसऱ्याचंच बघावं लागतं.

बारकू मामा


मुरबाड
६ ऑक्टोबर

मामा,

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घ्या.

आधी खंडेनवमीचं सांगते, कारण ते पोटात राहिलं तर मी फुटेन. देव्हाऱ्यासमोर सासूबाईंनी कोयता, विळा, कुऱ्हाड मांडली. मी माझे पाने धुऊन, पुसून, ताटात घेऊन गेले. त्या म्हणाल्या, "ते तेलकट हिकडं नको. तुजं तू तिकडं गाळ्यातच पूज." शेखर भावजी तिथेच बसले होते, गालात हसले. मी गाळ्यात जाऊन एकटीने फूल वाहिलं आणि शटर ओढून आले. रडले नाही. बरं, रडले थोडी.

दसऱ्यानंतर काम धरलं. तुम्ही सांगितलं तस्संच केलं, दोरेसुद्धा बांधले. बघायला निम्मी आळी. चोक ओढला, चावी फिरवली आणि लागली हो मामा! रेस दिली तर नुसती गात होती. प्रज्वलने तर ताल धरला दाराच्या पत्र्यावर. आणि मी पायडलवरचा पाय काढला, तशी मेली. पुन्हा लावली. पुन्हा पाय काढला, पुन्हा मेली. संध्याकाळपर्यंत हेच. स्क्रू आत फिरवला, बाहेर फिरवला, काही फरक नाही.

शेखर भावजी म्हणाले, "वयनी, पाय काढूच नको ना मग."

सगळे हसले. सासूबाई ओट्यावर होत्या, त्या हसल्या नाहीत, पण उठून आत गेल्या. मला ते हसण्यापेक्षा जास्त लागलं. प्रज्वलने धनत्रयोदशीपर्यंत थांबतो म्हटलंय. नंतर तो गाडी ओढून कल्याणला नेणार.

मामा, या ना. एक दिवस या. तुम्ही नुसतं बाजूला उभे राहा.

दामिनी


शेणवा
९ ऑक्टोबर

दामे बाय,

मी येऊन काय करू? गाडी चालू आहे का बंद हे मला पत्र्यावर हात ठेवल्याशिवाय कळत नाय. लोक मला विचारणार, मी भलतंच उत्तर देणार, तुझ्या दिराला आणखी एक गंमत. आटगावच्या साखरपुड्यात झालं तेवढं पुरे. "जेवलात का" विचारलं आणि मी म्हटलं "सत्तर". अजून हसतायत.

तू माझे कान हो. मरायच्या आधी ती कसा आवाज करते ते लिही. एकदम मरते का धडपडून मरते? पॅकिंगच्या कडेने साबणाचं पाणी सोड, आवाज बदलतो का बघ. वायरवाला वॉल्व्ह चावी दिल्यावर टक् वाजतो का? आणि नवा पार्ट तुझ्या हातात आला तेव्हा खोका कसा होता, तो पण सांग. सगळं लिही, तुला फालतू वाटेल ते पण लिही.

पाय काढल्यावर मरते म्हणजे पेट्रोलचा मोठा रस्ता मोकळा आहे आणि बारका रस्ता बंद आहे. एवढंच झालंय. जग बुडालं नाय.

बारकू मामा


मुरबाड
१२ ऑक्टोबर

मामा,

साबणाचं पाणी सोडलं, आवाज तस्साच. म्हणजे हवा शिरत नाही. वॉल्व्ह टक् वाजतो. मरते ती एकदम नाही. आधी घुटमळते, दोनदा उचकी देते, मग सुस्कारा सोडल्यासारखा फुस्स आवाज येतो आणि थांबते.

खोक्याचं विचारलंत ते बरं केलंत. दुकानातून आला तेव्हा खोका चिकटपट्टी लावून बंद होता, मी हाताने फळीवर ठेवला. पण दसऱ्यानंतर लावायला घेतला तेव्हा पट्टी सुटलेली. तेव्हा वाटलं, उंदरांनी केलं असेल. आणि पार्टच्या बुडाला कुठेकुठे पिवळट डाग. मी पुसले आणि लावला.

आता कळतंय मामा. गाळ्याची दुसरी किल्ली घरात खुंटीला असते. घरात कुणाला ही गाडी सुरू व्हायला नकोय ते सांगायला जोतिषी नको. शेखर भावजींनीच काहीतरी घातलंय आत. मी आज जेवताना सगळ्यांच्या देखत विचारणार आहे. होऊ दे काय व्हायचं ते. गाळा जाईल तर जाईल, पण चोरून वार केलेला मी सोडणार नाही.

दामिनी

ता. क. विनोदने हात धरून बसवलं. म्हणाला, आधी मामांना विचार. पहिल्यांदा तो "बघू" म्हणाला नाही.


शेणवा
१३ ऑक्टोबर

दामिनी,

हे पत्र कंडक्टरकडे देताना त्याला हात जोडलेत, आजच्या आज पोचव म्हणून.

कुणालाही एक शब्द विचारू नको. शेखरला नाय, विनोदला नाय, घरात कुणालाच नाय. गाडी उघडायच्या आधी माणूस उघडायला जायचं नसतं. घरात एकदा आरोप ठेवला की तो परत खोक्यात जात नाय.

कार्बोरेटर उतरव. वरचं झाकण काढ. आतमध्ये स्लो जेट म्हणून पितळेचा एक बारका तुकडा स्क्रूसारखा बसवलेला असतो, सुईच्या नेढ्याएवढं भोक. तो सोड. भोकात तार घालायची नाय, मेलीस तरी घालायची नाय, भोक मोठं झालं तर पार्ट वाया. पांढरं फडकं पसर, त्याच्यावर जेट धर आणि हवा मार. झाकणातली बारकी भोकं पण हवेने फुंक, खाली तेच फडकं. फडक्यावर काय पडतं ते बघ, वास घे, बोटावर चोळ. मग मला लिही.

शटर ओढून एकटीने कर.

तुझी फुस्स मला ऐकू आली हां. पत्र वाचता वाचता माझ्या कानात आवाज आला. किती वर्षांनी.

मामा


मुरबाड
१७ ऑक्टोबर

मामा,

तुम्हाला माहीत होतं ना? खरं सांगा. तुम्हाला पिवळ्या डागावरूनच कळलं होतं.

शटर ओढलं आणि उतरवला. जेट फडक्यावर धरून हवा मारली आणि लाल ठिपका पडला. मला वाटलं, गंज. नव्या पितळेला गंज कुठला? मग झाकण फुंकलं तर आणखी लाल, थोडं पिवळं, पेट्रोलमध्ये भिजून चिखल झालेलं. आणि बुडातून तांदळाचा एक दाणा पडला. अख्खा. मी बोटावर चोळलं, वास घेतला.

मामा, हळदकुंकू होतं ते. अक्षता होत्या.

मी खाली बसले तिथेच, तेलाच्या डब्यावर. आमच्या घरात पूजेचं कुंकू एकाच माणसाच्या हाताला असतं. सगळ्यांसमोर मला "तिकडं गाळ्यातच पूज" म्हणाल्या आणि मग स्वतः खुंटीवरची किल्ली घेऊन तिकडे गेल्या. माझा खोका उघडला, पार्ट पाटावर ठेवला असेल, कुंकू वाहिलं, तांदूळ टाकले, वर फुलाने पाणी शिंपडलं. बाहेरून पदराने पुसून परत ठेवला, मला कळू नये म्हणून. आणि मी त्या घरावर विषाचा संशय घेत होते. शेखर भावजींना तर मी मनातल्या मनात चार वेळा मारलं होतं. त्या मेल्याने काही केलं नव्हतं हो.

मी खूप रडले. शटर बंद होतं ते बरं.

सगळं धुतलं, हवा मारली, परत बसवलं. चोक, चावी, रेस, आणि पाय काढला. चालूच. मी खाली उतरून चहा करायला गेले तरी चालूच. प्रज्वल आला आणि त्याने गल्लीतच भोंगा लावला. लोक जमले. शेखर भावजी म्हणाले, "काय झालेलं गं वयनी?" माझ्या तोंडून निघालं, "कचरा होता आत." बोलले आणि जीभ चावली. सासूबाई ओट्यावरच होत्या. कचरा म्हणायचं ते होतं का?

त्यांना मी काही सांगितलं नाही. सांगणारही नाही. सांगितलं तर त्या बाईला आयुष्यभर वाटेल की तिच्या हाताने माझं काम अडलं. तुम्हीही कुठे बोलू नका. फडकं मी धुतलेलं नाही. घडी करून ठेवलंय.

दामिनी


मुरबाड
२५ ऑक्टोबर

बारकूमामांना मालूबाईचा, दामिनीच्या सासूचा, रामराम.

मला लिवता येत नाय. अंगनवाडीची निर्मला लिवते. ती मधी मधी शुद्ध करते, मी नको सांगते तरी करते. तुमी मनावर घिऊ नका.

तुमच्या भाचीनं गाडी लावली. बँजोवाला पोरगा पेढं घिऊन आला. आता सरळगावची एक जुनी जीप आलीय, दारात हुबी आहे, तिच्यात बी तेच यंत्र खराब झालंय म्हनं. भाऊबीजेच्या जेवनाला गाळ्याचा इषय निघाला. विनोद म्हनला, गाळा दामिनीकडं राहू दे. आयुष्यात पहिल्यांदा बोलला तो, माझ्या हातातला वरणाचा डाव पडला. शेखर माझ्याकडं बघाय लागला. त्याला मीच मागं बोलले व्हते, गाळा तुला दीन म्हनून. पोटचा पोर, काय करनार. पन मी सांगितलं, तुजं दुकान पडवीत टाक, मोबाइलला काय वंगन लागत नाय, घरातच शोभतं. तो दोन दिस रुसला. आज पडवीला रंग देतोय.

आता तुमाला एक सांगते, ते घरात कुनाला सांगितलेलं नाय. खंडेनवमीला मी पोरीचं पानं देवापुढून माघारी लावलं. शेखर बसलेला, त्याला वाटाय नको मी तिच्या बाजूची. ती गेली तोंड फिरवून आन माझ्या जिवाला काय ग्वाड लागंना. मंग घरात कोन नाय बघून मी किल्ली घेतली आन तिच्या त्या नव्या यंत्राची पूजा केली. चांगली बैजवार केली मामा, वरनं नाय, तोंडं व्हती त्याला उघडी, त्या सगळ्या तोंडांत कुकू वाह्यलं, तांदूळ टाकलं. आधी चार दिस गाडी धरंना तवा मला वाटलं देवाला माजं चोरून करनं पटलं नाय. मी आत जाऊन देवापुढं नाक घासलं. आन मंग लागली की हो! पूजा लागलीच शेवटाला. म्हनून तर लागली. तुमाला पटतं ना?

त्या दिसापासनं पोरगी माझ्याशी लई मऊ बोलती. भाकरीला मला उठू देत नाय. तिला काय कळलं का? तुमाला पत्रात काय लिवलं का तिनं?

ह्या जीपच्या यंत्राचा बी खोका आलाय. त्याची बी करू का पूजा, ते कळवा.

आन तुमी का येत नाय? ऐकू येत नाय म्हनून लाजता म्हनं. मामा, आमच्या घरात हे माझं ऐकत नाय, मी ह्यांचं ऐकत नाय, पोरं दोघांचं ऐकत नाय. तुमाला परकं वाटायचं नाय. तुळशीच्या लग्नाला या.

मालूबाई


शेणवा
२८ ऑक्टोबर

विहीणबाई मालूबाईंना बारकूचा नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. निर्मलाताईंनी शुद्ध केलंय तिथं मला कमी कळलं, तुमचं होतं ते सगळं कळलं.

पटतं, विहीणबाई. शंभर टक्के पटतं. गाडीचं काम मी जन्मभर केलं, त्यावरून सांगतो, तुम्ही केलेली पूजा वाया गेली नाय. दामिनीने मला पत्रात जे लिहिलं ते मी सांगणार नाय, ती माझी भाची आहे. पण तिला सासू कोण मिळालीय हे तिला चांगलं कळलंय, एवढं सांगतो. लग्नाच्या बैठकीत मी "पोरीला संभाळा" म्हटलं होतं. ते तोंडदेखलं म्हटलं होतं, सगळे मामा म्हणतात तसं. तुम्ही ते खरं केलंत.

मी येतो. तुळशीच्या लग्नाला दुपारच्या गाडीने येतो. नाक्यावर कुणाला पाठवू नका, मला रस्ता ठाऊक आहे. कुणी काही विचारलं तर मी "सत्तर" म्हणणार आहे, हसायचं त्यांनी हसावं. जीपचं यंत्र दामिनीच लावील, मी नुसता पत्र्यावर हात ठेवून उभा राहीन.

जीपच्या खोक्याची पूजा जरूर करा. पण ह्या वेळी किल्ली काढून एकट्या जाऊ नका. चोरून करायचं आता काही कारण उरलं नाय. दामिनीला हाक मारा, सगळ्यांसमोर, शेखरसमोर पण. यंत्र तिच्या हातात द्या, कुठली तोंडं झाकायची आणि कुठं वाहायचं ते ती दाखवील.

आणि कुंकू आधी तिच्या कपाळाला लावा. उरेल ते लोखंडाला.

बारकू